लक्सेम्बर्ग कोणाला हवं होतं

लग्नाला आठ महिने झाले तरी घरात रसेल टॅपलीशी कोणी भांडलं नव्हतं, आणि याच गोष्टीने त्याची झोप उडाली होती.

यावर कोणी म्हणेल, नशीबवान आहे लेकाचा. म्हणणाऱ्याने एकदा त्या घरात जेवायला बसून बघावं. ब्रायोनीशी लग्न करून रसेल केटरिंग गावातल्या तिच्या घरी राहायला आला, आणि बारा वर्षांची टॅबिथा नि आठ वर्षांचा विल्फ अशी तिची दोन मुलं त्याच्या वाट्याला आली. मुलांचे वडील तिकडे ॲबरडीनला असतात, दरवर्षी उन्हाळ्यात मुलांना घेऊन जातात, माणूस भला आहे, तिकडून काही कटकट नव्हती. मुलंही गुणी. इतकी गुणी, की रसेलला रडू यावं. "मीठ देता का, रसेल? थँक यू, रसेल." "टीव्हीचा आवाज मोठा होतोय का, रसेल? सॉरी, रसेल." आईशी मात्र हीच मुलं एका मोज्यावरून जिना दणाणून सोडायची. रसेलची किल्ली दारात फिरली की सगळं चिडीचूप. आईसकट तिघंही सोफ्यावर ताठ बसायची आणि टॅबिथा उठून त्याला जागा करून द्यायची. आता तुम्हीच सांगा, स्वतःच्या घरात माणसाला उठून जागा कोण देतं? ती पाहुण्याला देतात.

बरं, दोष सगळा मुलांचा होता असंही नाही. रसेल तरी कुठे कमी होता? गाडी चालवायच्या परवान्याची परीक्षा घेणं हे त्याचं काम. दिवसभर शेजारच्या सीटवर मांडीवर पाटी घेऊन बसायचं, "पुढच्या चौकात डावीकडे वळा" एवढंच म्हणायचं, आणि समोरचा फुटपाथवर चढला तरी चेहऱ्यावरची सुरकुती हलू द्यायची नाही. वीस वर्षं हेच केल्यावर माणसाचं काय होणार? गावातली निम्मी माणसं त्याला भाजीच्या दुकानात बघून दुसऱ्या रांगेत जायची. घरीही त्याचा सूर तोच राहिला. "जमेल तेव्हा ती बशी इकडे द्याल का?" असं तो आठ वर्षांच्या पोराला विचारायचा. पोरगंही बिचारं आरसे तपासल्यासारखं दोन्हीकडे बघून बशी द्यायचं.

तर जानेवारीत रसेलच्या डोक्यात एक किडा वळवळला. मे महिन्यात शाळेला आठवडाभर सुट्टी असते. त्यात चार दिवस चौघांनी युरोपातल्या एखाद्या शहरात जायचं. आणि शहर मुलांनी निवडायचं. आपल्या मनासारखं झालं की पोरं जरा मोकळी होतील, एकदा मोकळी झाली की आपल्याला घरचा समजतील, असा त्याचा साधा हिशोब. ब्रायोनीला त्याने हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "छान. मला काहीही चालेल." इथेच खरं तर त्याने सावध व्हायला हवं होतं.

रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले. भाजलेली कोंबडी, बटाटे, ग्रेव्ही, शेंगा. ब्रायोनीची आई मॉरीन दोन घरं सोडून राहते, तीही नेहमीप्रमाणे पुडिंगचं भांडं घेऊन आलेली. रसेलने घसा साफ केला.

"मे महिन्यात आपण कुठेतरी जातोय," तो म्हणाला. "लिस्बन, व्हिएन्ना, कोपनहेगन, सेव्हिल किंवा लक्सेम्बर्ग. कुणाचं काय मत?"

लक्सेम्बर्ग त्याने का घातलं हे विचारू नका. चार नावं जरा अपुरी वाटत होती म्हणून पाचवं घातलं, इतकंच.

"सगळीच छान आहेत," टॅबिथा म्हणाली.

"तुला काय हवंय?"

"मला काहीही चालेल. थँक यू, रसेल."

"ब्रायोनी?"

"मुलं म्हणतील ते."

"मॉरीन, तुम्हाला काय वाटतं?"

"मी कुठे येतेय बाळा, मी कुत्रा सांभाळणार. पण सगळीच चांगली वाटतात हो." एवढं बोलून म्हातारीने बटाटा तोंडात टाकला आणि सुटली.

सगळे परत ताटाकडे वळले. सुऱ्या-काट्यांचा आवाज तेवढा. आणि तेवढ्यात विल्फने विचारलं, "लक्सेम्बर्ग कुठे आहे?"

झालं. ज्या घरात कोणी काही मागतच नाही, तिथे साधा प्रश्नही मागणीसारखा वाटतो. ब्रायोनीने रसेलकडे पाहिलं, रसेलने मॉरीनकडे, मॉरीनने विल्फच्या गालाला हात लावला. "माझा गुणाचा राजा. त्याला लक्सेम्बर्ग हवंय."

विल्फने तोंड उघडलं. पण तोंडात शेंगा होत्या, आणि भरल्या तोंडाने बोलू नये हे त्याला शिकवलेलं. त्याने शेंगा गिळेपर्यंत रसेल उठून नकाशा आणायला गेला होता.

पुढे तीन आठवडे त्या घरात लक्सेम्बर्गचं जे काही चाललं, ते बघवत नव्हतं. आता लक्सेम्बर्ग वाईट गाव आहे असं मुळीच नाही. दरीवर पूल आहेत, किल्ला आहे, गावभर बसचं तिकीट लागत नाही. रसेलला हे बसचं कळलं तेव्हा त्याने ते चार वेळा सगळ्यांना सांगितलं, आणि चारही वेळा सगळे म्हणाले, "अरे वा." पण एखादं गाव चांगलं असणं वेगळं आणि आपल्याला तिथे जावंसं वाटणं वेगळं. मॉरीनने विल्फला लक्सेम्बर्गच्या झेंड्याचा केक करून दिला. निळा रंग जरा गडद झाला म्हणून तो हॉलंडचा झेंडा झाला, पण कोणी ते बोललं नाही. ब्रायोनीने दातांच्या दवाखान्यात, जिथे ती पेशंटची नावं लिहून घेते, सगळ्यांना सांगितलं की आमचा धाकटा किती वेगळा विचार करतो. ते विल्फच्या शाळेतल्या बाईंच्या कानावर गेलं, आणि बाईंनी विल्फला वर्गापुढे उभं करून लक्सेम्बर्गवर बोलायला लावलं. पोराने ती माहिती पाठ केली. तिथे राजा नसून ग्रँड ड्यूक असतो हे त्याने तीस मुलांना सांगितलं, टाळ्या घेतल्या, घरी आला आणि पलंगाखाली जाऊन बसला.

एकदा फक्त ब्रायोनीने चहा ओतता ओतता विषय काढला. "रसेल, तुला खरंच जायचंय ना तिकडे?"

"विल्फला जायचंय ना."

"हो हो. विल्फसाठीच."

"तुला नाही का आवडणार?"

"आवडेल की. थोडं ऊन असतं तर... पण नाही, आवडेल."

ब्रायोनीला सेव्हिल हवं होतं. अंगावर ऊन घेत, पाय पसरून, कोणी हाक न मारता चार तास बसावं एवढीच तिची इच्छा होती. तिने ती चहात बुडवली आणि प्याली.

रसेलला खरी काळजी होती ती टॅबिथाची. विल्फ काय, कधीतरी पेंगत पेंगत त्याच्या खांद्याला टेकायचा. टॅबिथा नाही. रोज संध्याकाळी ती खोलीत बसून फोनवर झोशाशी बोलायची. झोशा म्हणजे तिची जिवाभावाची मैत्रीण, जी मागच्या उन्हाळ्यात आईबापांबरोबर पोलंडला परत गेली होती. पलीकडून झोशा, अलीकडून ही, दोघी खिदळायच्या, एकमेकींना शिव्या घालायच्या. रसेल जिन्यातून वर आला की आवाज बंद व्हायचा आणि दार हळूच लागायचं. हळूच, म्हणजे आपटायचंही नाही. रसेल मग जिन्यातच थोडा वेळ उभा राहायचा. हे हसणं आपल्यासमोर कधी होणार, असं त्याला वाटायचं. मग तो खाली येऊन भांडी घासायचा.

एका शनिवारी तो तिला हॉकीला सोडायला निघाला.

"लक्सेम्बर्ग तुला पटतंय ना?" त्याने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

"हो, छान आहे."

"काही वेगळं मनात असेल तर सांग. मी रागावणार नाही."

"नाही, खरंच. छान आहे." आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. गाडीत या माणसाच्या शेजारी बसून, मनात असूनही, गप्प राहणारी गावातली ती काही पहिली नव्हती.

शेवटी तिकिटं काढायचा रविवार उजाडला. जेवणं झाली, ताटं बाजूला सारली, रसेलने लॅपटॉप टेबलावर मधोमध ठेवला. पासपोर्ट काढले, नावं भरली, जन्मतारखा भरल्या. कोण कुठे बसणार तेवढं नंतर ठरवू म्हणाला. मग त्याने लॅपटॉप विल्फकडे वळवला.

"विल्फ, ही तुझी ट्रिप. शेवटचं बटण तू दाब."

सगळे हसऱ्या चेहऱ्याने विल्फकडे बघत होते. विल्फने बोट पुढे नेलं, बटणापर्यंत नेलं, आणि तिथेच थांबवलं.

"मला नाही जायचं लक्सेम्बर्गला," तो म्हणाला. "मी फक्त कुठे आहे ते विचारलं होतं. सॉरी."

आणि त्याने भोकाड पसरलं.

मग जे झालं ते ऐका. ब्रायोनी म्हणाली, सॉरी बाळा, मला वाटलं तुला हवंय. मॉरीन म्हणाली, सॉरी, तो केक मी उगाच केला, मला वाटलं रसेललाच जायचंय आणि पोरगं त्याच्या मनासारखं बोलतंय. रसेल म्हणाला, सॉरी, मला तर तिथे जायचंच नव्हतं, नाव आपलं यादी भरायला घातलं होतं. टॅबिथा म्हणाली, सॉरी, मला वाटलं सगळ्यांनाच हवंय. कुत्राही टेबलाखालून उठून बाहेर गेला. पाच माणसांनी तीन आठवडे एका गावाची तयारी केली होती, आणि त्यातल्या एकालाही तिथे जायचं नव्हतं.

एवढ्यावर सगळे खो-खो हसले असते तर गोष्ट इथेच संपली असती. पण हसणार कसे? समोरच्याला वाईट वाटलं तर? रसेलने कपाळ पुसलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "ठीक आहे. मग आता कुठे जाऊ या?"

"मुलं म्हणतील तिथे," ब्रायोनी म्हणाली.

विल्फने नाक पुसलं. "मला काहीही चालेल."

"मलाही," टॅबिथा म्हणाली. "तुम्ही म्हणाल ते, रसेल. थँक यू."

आणि वीस वर्षांत ज्याची सुरकुती हलली नव्हती, त्या माणसाचं डोकं फिरलं.

"बास," तो म्हणाला. आवाज एवढा चढला, की मॉरीनच्या हातातला चमचा बशीत पडला. "मला नकोय तुमचं थँक यू. काहीही चालतं म्हणे. काहीही कसं चालतं? आईच्या डोक्यावर मिऱ्या वाटता दोघं, आणि मी आलो की ताठ बसता. मी काय परीक्षा घेतोय तुमची? आठ महिने झाले या घरात येऊन. एकदा तरी म्हणा की रसेल, हे नको. एकदा तरी दार आपटा माझ्या तोंडावर. मी इथे राहतो. भेटायला नाही आलेलो."

ब्रायोनीला नवऱ्याचा हा आवाज नवा होता. आणि मग टॅबिथाची खुर्ची मागे सरकली.

"परीक्षाच घेतोस तू," ती उभी राहून म्हणाली. "पाच नावं टेबलावर ठेवलीस, जसा काही प्रश्नच आलाय, योग्य उत्तर निवडा. माझं शहर त्यात नव्हतंच. मग मी काय सांगणार होते?"

"कुठलं शहर?"

"ग्दान्स्क. झोशा राहते तिथे. मी रोज तिच्याशी बोलते, सगळ्या घराला ऐकू येतं. आणि तुला युरोपातली पाच शहरं सुचली, त्यात लक्सेम्बर्ग सुचलं, पण ग्दान्स्क नाही सुचलं. गाडीत विचारलंस, तेही असं, की सांग, मी रागावणार नाही. असं कोणी म्हटलं की कोण सांगेल?"

"टॅबिथा," ब्रायोनी म्हणाली.

"बोलू दे तिला," रसेल म्हणाला.

"बोलतेच आहे. तू माझ्या खुंटीवर टॉवेल लावतोस. रोज. ओला. ती खुंटी मी पाच वर्षांची असल्यापासून माझी आहे. टोस्ट खाताना तू आवाज करतोस, वरच्या मजल्यावर येतो तो. मी आंघोळीला गेले की दारावर येऊन विचारतोस, जमेल तेव्हा आवरशील का. आवर म्हण ना सरळ. आणि मी मम्मीवर ओरडत असले की तू आत येतोस आणि तोंड असं करतोस, जसं काही तुझ्यामुळेच झालंय. तुझा काय संबंध? आम्ही तुझ्या आधीपासून भांडतोय."

"टोस्टचा आवाज खरंच वर येतो," विल्फ हळूच म्हणाला. त्याचं रडणं केव्हाच थांबलं होतं.

"टॅबिथा, पुरे. आत्ताच्या आत्ता रसेलला सॉरी म्हण," ब्रायोनीने आवाज चढवला.

"नाही म्हणणार," टॅबिथा म्हणाली, आणि तरातरा जिना चढून गेली. वर दार असं आपटलं, की स्वयंपाकघरातल्या कपाटात कप किणकिणले.

ब्रायोनीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "रसेल, मला काय बोलावं कळत नाहीये. ती अशी नाही रे. म्हणजे माझ्याशी अशी आहे, पण तुझ्याशी..."

रसेल बसला होता. बाजूला सारलेल्या ताटात अर्धा बटाटा गार होऊन पडला होता, तो त्याने उचलला आणि खाल्ला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून मॉरीन पुढे वाकली. "बरा आहेस ना बाळा? पाणी देऊ?"

"बरा आहे," रसेल म्हणाला. "मजेत आहे." आणि डोळे पुसले.

त्याने लॅपटॉप ओढला, लक्सेम्बर्ग बंद केलं, ग्दान्स्क शोधलं. जवळच्या ल्यूटन विमानतळावरून थेट विमान होतं. ब्रायोनी म्हणाली, तिथे ऊन नसणार. हे तिने कुणी न विचारता म्हटलं, आणि म्हटल्यावर स्वतःच दचकली. रसेल म्हणाला, उन्हाळ्याच्या शेवटी आपण दोघं सेव्हिलला जाऊ, मुलं ॲबरडीनला असतील तेव्हा. ब्रायोनी म्हणाली, सेव्हिल तुला कसं कळलं? तर म्हणे, यादी वाचताना फक्त त्या नावाला तुझा काटा थांबला होता. माणूस अगदीच निर्बुद्ध नव्हता.

थोड्या वेळाने जिन्यावर पावलं वाजली. हळू, एकेक पायरी मोजत आल्यासारखी. टॅबिथा दारात येऊन उभी राहिली. तोंड धुतलेलं, केस मागे बांधलेले, हात एकमेकांत गुंफलेले. आठ महिने तो जो चेहरा बघत होता, तोच तिने पुन्हा चढवला होता.

"रसेल," ती म्हणाली, "मला असं बोलायला नको होतं. मी तुम्हाला..."

रसेलला पुढचं सगळं दिसलं. आता ती सॉरी म्हणणार, आपण असू दे म्हणणार, ती थँक यू म्हणणार, आणि उद्या सकाळी पुन्हा सोफ्यावर जागा करून देणार. एवढ्या मुश्किलीने उघडलेलं दार त्याच्या डोळ्यांदेखत लागत होतं. ब्रायोनी समाधानाने मान हलवत होती. विचार करायला वेळ नव्हता.

"ग्दान्स्क ठरलं," तो तिचं बोलणं तोडत म्हणाला. "तिकिटं काढतोय. पण विमानात खिडकीची जागा माझी."

टॅबिथा थांबली. "काय?"

"खिडकी माझी. ठरलं."

"हे कोणी ठरवलं?"

"मी. तिकिटं मी काढतोय."

तिचे गुंफलेले हात सुटले. "अरे, पण माझी मैत्रीण आहे तिकडे. मला वरून समुद्र बघायचाय. तू मोठा माणूस आहेस, तुला कशाला लागते खिडकी?"

"मोठ्या माणसाला डोळे नसतात का?"

"खिडकी माझी आहे," विल्फ खुर्चीवर उभा राहून म्हणाला. "माझी ट्रिप होती, माझं लक्सेम्बर्ग गेलं, निदान खिडकी तरी मला द्या."

"तुला लक्सेम्बर्ग नकोच होतं, गप्प बस."

"गप्प तू बस."

"जाताना तू, येताना मी," रसेल म्हणाला.

"मुळीच नाही. दोन्ही वेळा मी. मम्मी, याला सांग ना काहीतरी."

ब्रायोनीने आईकडे पाहिलं, मॉरीनने खांदे उडवले आणि सगळ्यांना चहा ओतला. कोणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. टॅबिथा रसेलच्या शेजारची खुर्ची ओढून बसली होती, बोटाने पडद्यावरच्या जागा दाखवत होती, आणि त्याचा हात लॅपटॉपवरून बाजूला ढकलत होती.

खरं सांगायचं तर खिडकीशी बसलं की रसेलला मळमळतं. जन्मात त्याने कधी ती जागा घेतलेली नाही. पण त्या दुपारी चहा पार गार होईपर्यंत तो त्या खिडकीसाठी भांडला, आणि हरला.